ओझं उचलतं कोण, पाठ की कंबर?

जयपूरला गेलेला मराठी प्रवासी चारदीवारीत शिरतो तो हवामहल बघायला आणि बाहेर पडतो तो जयपुरी रजई काखोटीला मारून. या रजईची ख्याती अशी, की थंडी पळवील, पण अंगावर वजन म्हणून जाणवू देणार नाही. गंमत बघा, ज्या बाजारांत ही हलकीफुलकी रजई विकली जाते, तेच बाजार दिवसभर जड ओझ्यांखाली वाकलेले असतात. त्रिपोलिया बाजारात भांड्यांचे गठ्ठे उतरतात. खजानेवालों का रास्ता या गल्लीत मूर्तिकारांच्या दारात संगमरवराचे ठोकळे येऊन पडतात. चांदपोल आणि सूरजपोलच्या धान्यमंड्यांत पोत्यांच्या थप्प्या लागतात. संगमरवराचा एक घनफूट, म्हणजे घरातल्या लहानशा स्टुलाएवढा तुकडा, भरतो पाऊणशे किलो!

सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेल्या या तटबंदीच्या शहराला २०१९ साली युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला. २०२० साली त्याच्या पोटातून मेट्रोही धावू लागली. पण माल टेम्पोतून उतरवून गल्लीतल्या दुकानात नेण्याच्या शेवटच्या पन्नास पावलांना यंत्र मिळालेलं नाही. तिथं माणसाची पाठच कामाला येते. उत्तरेत या माणसाला म्हणतात पल्लेदार. आपल्याकडे हमाल किंवा माथाडी.

पल्लेदार जे काम पोटासाठी करतो, तेच काम हल्ली शहराशहरांतल्या व्यायामशाळांत तरुण मुलं-मुली पैसे मोजून करतात. जमिनीवर ठेवलेली वजनाची दांडी वाकून धरायची आणि सरळ उभं राहायचं. नाव डेडलिफ्ट. ‘पाठ बनवायची असेल तर डेडलिफ्ट मार’ असा सल्ला एकीकडून मिळतो, तर ‘डेडलिफ्ट केलीस तर पाठ कायमची जाईल’ अशी तंबी दुसरीकडून. दोन्ही सल्ले छातीठोक आणि दोन्ही अर्धवट. म्हणून आधी हे बघायला हवं, की ओझं उचलताना पाठीतले कोणते स्नायू नेमकं काय करतात.

निपचित पडलेलं वजन

डेडलिफ्ट या नावात भिववण्यासारखं काही नाही. जमिनीवर निपचित पडलेलं, कसलाही वेग नसलेलं वजन उचलायचं, म्हणून ते ‘डेड’. झोका नाही, उसळी नाही. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे पॉवरलिफ्टिंगच्या शर्यतीतले तीन प्रकार. दांडी २० किलोची, तिला लावलेल्या मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर. म्हणजे दांडी जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, नडगीच्या मध्यावर येते. तिथून ती मांडीपर्यंत न्यायची. इंग्लंडच्या एडी हॉलनं २०१६ साली अशा रीतीनं ५०० किलो उचलून जगाला तोंडात बोट घालायला लावलं.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच परका होता असं नाही. उत्तरेतल्या आखाड्यांत मुठीची खाच असलेली दगडी नाल उचलत. महाराष्ट्रात गावच्या पारापाशी ठेवलेली दगडी गोटी उचलून दाखवल्याशिवाय गड्याला मान मिळत नसे. दंड-बैठकांनी छाती, दंड आणि मांड्या घडायच्या. जमिनीवरचं ओझं उचलण्याची परीक्षा मात्र गोटीच घ्यायची.

पाठीतले कामकरी

आता मूळ प्रश्न. डेडलिफ्टनं पाठीचे कोणते स्नायू कामाला लागतात?

पहिला मान इरेक्टर स्पायनीचा. कण्याच्या दोन्ही बाजूंना माकडहाडाच्या वरपासून मानेपर्यंत दोरखंडासारखे उभे पट्टे जातात. आरशात पाठ पाहिली तर कमरेपाशी मधली पन्हळ आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन उंचवटे दिसतात, तेच हे. प्रत्येक बाजूला तीन पदर असतात. वाकलेलं शरीर सरळ करणं आणि सरळ असलेलं शरीर पुढे कोलमडू न देणं, हे यांचं काम.

त्यांच्याखाली, मणक्यांना अगदी चिकटून, मल्टिफिडस नावाचे छोटे छोटे स्नायू असतात. एका मणक्याला दोन-चार मणके सोडून दुसऱ्याशी बांधणारे. बाहेरून दिसत नाहीत, पण मणके एकमेकांवरून सरकू नयेत याची राखण तेच करतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये क्वाड्रेटस लम्बोरम असतो. एका हातात बादली घेतल्यावर शरीर त्या बाजूला कलत नाही, ते याच्यामुळे.

मग येतो लॅटिसिमस डॉर्साय, पाठीवरचा सर्वांत रुंद स्नायू. काखेपासून कमरेपर्यंत पंख्यासारखा पसरलेला. पैलवानाची पाठ इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसते ती याच्या जोरावर. डेडलिफ्टमध्ये हा दांडी अंगाजवळ खेचून धरतो, तिला पुढे झुलू देत नाही. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पतंगाच्या आकाराचा ट्रॅपेझियस आणि त्याच्याखाली दोन फऱ्यांच्या मध्ये ऱ्हॉम्बॉइड. वजनानं खांदे खाली ओढले जातात, ते जागेवर ठेवणं हे या दोघांचं काम.

यादी झाली. पण खरी मेख पुढे आहे. पाठीचे हे सगळे स्नायू डेडलिफ्टमध्ये उचलण्यापेक्षा धरून ठेवण्याचं काम जास्त करतात. नीट केलेल्या डेडलिफ्टमध्ये कण्याचा आकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत फारसा बदलतच नाही. बदलतो तो खुब्याचा आणि गुडघ्याचा कोन. म्हणजे वजन वर नेणारे खरे गडी आहेत नितंबातला ग्लूटियस मॅक्सिमस, मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग आणि मांडीच्या पुढचे स्नायू. विहिरीवरच्या रहाटाचं उदाहरण घ्या. बादली वर येते ती रहाट फिरवणाऱ्याच्या ताकदीनं. पण खांब डळमळले तर रहाट, बादली, सगळंच विहिरीत! पाठ म्हणजे ते खांब.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, फक्त डेडलिफ्ट करून पाठीचा वरचा भाग पुरेसा घडतो असं समजू नये. लॅटिसिमससारखे स्नायू पूर्ण ताकदीनं आकुंचन पावतात ते दांडीला लटकून अंग वर खेचताना किंवा वजन पोटाकडे ओढताना. डेडलिफ्टला अशा व्यायामांची जोड हवी. दुसरी, डेडलिफ्टनंतर फक्त कमरच दुखत असेल आणि मांड्या-नितंबांना काहीच जाणवत नसेल, तर रहाट फिरवायचं कामही खांबच करताहेत असं समजावं. तिथं वजन कमी करून पद्धत सुधारायला हवी.

तरफेचा हिशेब

ओझं सारखंच असलं तरी पाठीवरचा भार सारखा का नसतो? याचं उत्तर शाळेत शिकलेल्या तरफेत आहे. कमरेच्या मणक्याचा टेकू धरा. त्याच्या मागे साधारण ५ सेंटिमीटरवर पाठीचे स्नायू आहेत, पुढे हातातलं ओझं. समजा २० किलोची पाण्याची बाटली मणक्यापासून ५० सेंटिमीटर लांब धरली. तोल राखायला स्नायूंना लावावा लागणारा जोर होतो २०० किलोइतका. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तीच बाटली अंगाजवळ, २५ सेंटिमीटरवर आणली, की हिशेब निम्म्यावर येतो. ओझं तेच, माणूस तोच. फरक फक्त वीतभर अंतराचा.

हे कागदी गणित नाही. १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका धडधाकट स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारं बारीक उपकरण बसवलं. नुसतं उभं राहिल्यावर चकतीवर जो दाब पडतो, त्याच्या साधारण साडेचार पट दाब २० किलोचं ओझं पाठ गोल करून उचलताना नोंदला गेला. गुडघे वाकवून नीट उचलल्यावर तो साडेतीन पटींच्या आत आला. ओझं छातीशी धरून उभं राहिल्यावर तर दुपटीच्या थोडा वर. प्रयोग एकाच माणसावरचा खरा, पण दिशा स्वच्छ दाखवणारा.

म्हणजे पाठ जरा गोल झाली की चकती निसटलीच, असं आहे का? नाही. जमिनीवर पडलेला रुमाल उचलताना पाठ गोल होतेच आणि व्हावीही. पाठ काचेची नाही. हाडं, स्नायू आणि अस्थिबंध हे हळूहळू वाढवलेल्या भाराला सरावतात, बळकट होतात. घात होतो तो सवय नसलेलं ओझं एकदम उचलल्यानं, कमरेतून पिळवटून झटका दिल्यानं किंवा थकलेल्या अंगाला विश्रांती न देता तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावल्यानं.

ओझ्याला मर्यादा हवीच

चारदीवारीतल्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड घडे आहेत, गंगाजली. सवाई माधोसिंग दुसरे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा गंगाजल सोबत नेण्यासाठी हे घडे नेले गेले. प्रत्येक रिकामा घडा सुमारे ३४५ किलोचा, पाणी मावतं ४,००० लिटर. भरलेला घडा चार टनांच्या वर! तो पाहणाऱ्या कुणालाही तो माणसानं उचलावा असं वाटणार नाही. पण १०० किलोची गोणी एका माणसाच्या पाठीवर चढवताना मात्र वर्षानुवर्षं कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुषानं हातानं उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ होती. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या माध्यमातून हमालांच्या पाठीवरचं ओझं हा विषय लावून धरला. गोणी ५० किलोची झाली त्यामागे अशी दीर्घ झुंज आहे.

आणि ५० किलो म्हणजे तरी काय? अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेनं १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अगदी अनुकूल असली तरी दोन हातांनी उचलायच्या ओझ्याचा पाया धरलाय २३ किलो. ओझं लांब असेल, जमिनीवर असेल, वळून उचलायचं असेल किंवा वारंवार उचलायचं असेल, तर तो आकडा आणखी खाली येतो.

व्यायामशाळेतला मुलगा आणि मंडीतला पल्लेदार यांच्यातला फरक इथंच आहे. मुलगा पाच वेळा उचलतो, तीन मिनिटं बसतो, दोन दिवस त्या स्नायूंना सुट्टी देतो आणि नको वाटलं तर दांडी खाली ठेवतो. त्याची दांडी गोल, धरायला सोयीची, मधोमध तोललेली असते. पल्लेदाराची गोणी लोंबते, घसरते आणि किती उचलायच्या ते ट्रक ठरवतो. व्यायाम आणि कष्ट यांच्यात स्नायू तेच असतात, मात्रा वेगळी असते. औषध आणि विष यांच्यात असतो तसाच हा फरक. म्हणून ‘कष्टकऱ्याला व्यायामाची काय गरज’ किंवा ‘त्यांच्या पाठी लोखंडाच्या असतात’ ही वाक्यं ऐकायला बरी वाटतात, पण खरी नाहीत.

बायकांनी वजन उचलावं का?

गंमत अशी, की बायकांनी वजन उचलू नये असं म्हणणाऱ्या घरातच पाण्याची कळशी, दळणाचा डबा, ओल्या कपड्यांची बादली आणि कडेवरचं दहा-बारा किलोचं मूल हे सगळं बाईच उचलत असते. भरलेला गॅस सिलिंडर टाकीसकट ३० किलोंच्या आसपास जातो. तो दारातून ओट्याखाली नेणं ही डेडलिफ्टच की! फक्त तिला कुणी शिकवलेली नसते.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या १०१ स्त्रियांवर अभ्यास केला. सरासरी वय ६५. निम्म्याजणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन ढकलणं आणि उडी असे व्यायाम दिले. आठ महिन्यांनी या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची टक्काभर घटली. २०१८ साली हे निष्कर्ष छापून आले तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. अर्थात यात ‘देखरेखीखाली’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. साठीच्या आजींनी आजच नातवाच्या व्यायामशाळेत जाऊन दांडी उचलावी, असा याचा अर्थ नव्हे.

घरात शिकण्याजोगी रीत

डेडलिफ्टचा गाभा आहे खुब्यातून वाकणं. कमरेतून नव्हे. हे कळायला दांडीची गरज नाही, झाडूचा दांडा पुरतो. तो पाठीमागे उभा धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी तो टेकायला हवा. आता गुडघे किंचित सैल सोडून, मागचं कपाट नितंबानं बंद करायचं आहे अशा बेतानं बूड मागे ढकला. दांडा तिन्ही जागी टेकलेला राहिला, तर वाकणं खुब्यातून झालं. एखादी जागा सुटली, तर कण्यातून झालं. मांडीच्या मागे ताण जाणवला की जमलं समजा.

एवढं साधलं, की प्रत्यक्ष ओझं.

पाय ओझ्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्या. शक्य असेल तर बादली दोन पावलांच्या मध्ये घ्या.

बूड मागे, छाती पुढे, गुडघे हवे तेवढे वाकलेले. धरण्यापूर्वी श्वास घेऊन पोट ताठ करा, जणू कुणी पोटावर चापट मारणार आहे. पोटातला हा दाब कण्याला पुढून आधार देतो.

झटका न देता आधी ओझ्याचा अंदाज घ्या. मग जमीन पायांनी खाली ढकलायची आहे, असं मनात धरून उभे राहा.

वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर पिळू नका. ठेवतानाही तीच रीत उलट क्रमानं. पुष्कळांची कंबर उचलताना सांभाळली जाते आणि ठेवताना बेसावधपणे धरते.

सिलिंडर मात्र उचलूच नये. तिरका करून तळाच्या कडेवर गडगडत न्यावा. ओझं न उचलण्याची युक्ती सापडली, तर तिच्यासारखी दुसरी रीत नाही.

व्यायाम म्हणून डेडलिफ्ट शिकायची असेल तर सुरुवात दोन हातांत मावणाऱ्या हलक्या वजनानं आणि जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली करावी. पाय पुष्कळ फाकवून करायचा सुमो प्रकार धड जास्त उभं ठेवतो. गुडघे जवळपास स्थिर ठेवून करायचा रुमानियन प्रकार मांडीच्या मागच्या स्नायूंना जास्त कामाला लावतो. कुणाला कोणता मानवेल हे हाता-पायांच्या लांबीवर आणि खुब्याच्या ठेवणीवरही ठरतं. शेजाऱ्याला मानवला म्हणून आपल्याला मानवेलच असं नाही.

कुणी थांबावं?

कंबरदुखी पायात खाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा जोर कमी झाला असेल, हर्निया असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब क्षणभर खूप चढतो, हे हृदयविकार असलेल्यांनी विसरू नये. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेभोवतीचा भाग बधिर झाला, तर घरगुती लेप-शेकात वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावं.

बाकी साध्या कंबरदुखीला घाबरून महिनाभर पलंग धरणं हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० साली जगात जवळपास ६२ कोटी माणसांना कंबरदुखी होती. याच संघटनेनं २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन जाहीर केलं. त्यात व्यायामाला होकार आहे, तर कमरेच्या पट्ट्याची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस नाही. ज्या पट्ट्यावर घरोघर इतका विश्वास असतो, तो बाहेरून आधार देतो. खरा पट्टा पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचाच.

तेव्हा पुढच्या वेळी व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाला ‘हमाली कशाला करतोस?’ असं कुणी विचारलं, तर त्यानं रागावू नये. प्रश्नात थोडं तथ्य आहे. फक्त तो सगळं ओझं मोजून उचलतो. ज्याच्या नशिबी मोजून उचलणं नाही, त्या दारातल्या हमालानं गोणी उतरवल्यावर पैशांची घासाघीस न करता त्याला दोन मिनिटं बसू द्यावं, पाणी विचारावं. जड गोणीच्या दोन हलक्या गोण्या करता आल्या, तर त्याही कराव्यात. पाठीच्या स्नायूंची नावं पाठ होवोत न होवोत, एवढं कळलं तरी पुष्कळ.